तिघांची एकच चूक

घारीच्या तिन्ही संगणकांनी एकच चूक केली, तेव्हा सकाळचे सव्वाअकरा वाजले होते. उज्ज्वला वाकचौरेने आकडे वाचले, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचले. दोनशे बारा पूर्णांक चार मीटर. तिन्ही पडद्यांवर तोच आकडा, दशांशचिन्हासकट.

घार म्हणजे वैमानिक नसलेलं विमान. हिमालयातल्या उंच चौक्यांवरून आजारी आणि जखमी जवानांना खाली आणण्यासाठी ते तयार होत होतं. पोटात दोन स्ट्रेचर, सोबत कुणीही नाही. त्याचं सॉफ्टवेअर तपासून सही करायचं काम नाशिकजवळच्या दिंडोरी रस्त्यावरच्या एका परीक्षण केंद्राकडे होतं, आणि त्या केंद्रात उज्ज्वला सतरा वर्षं नोकरी करत होती. दोन महिन्यांनी, २०३९च्या मार्चमध्ये, घार पहिल्यांदा माणसं घेऊन उडणार होती.

अशा विमानात एका संगणकावर विसंबत नाहीत. तीन ठेवतात आणि प्रत्येकाचं सॉफ्टवेअर वेगळ्या कंपनीकडून घेतात. शेताची हद्द ठरवायला तीन मोजणीदार तीन दिवशी वेगवेगळे बोलवावेत, तसं. एक चुकला तर उरलेले दोघे त्याला धरतात. तिन्ही संगणक सतत मत देत असतात आणि दोघांचं जुळलं की विमान त्यांचं ऐकतं. म्हणून करारात पहिलीच अट असते, की या तीन कंपन्यांनी एकमेकींच्या कामाकडे बघायचंसुद्धा नाही.

त्या दिवशी उज्ज्वला बर्फाची चाचणी घेत होती. विमान आपली उंची हवेच्या दाबावरून ओळखतं. त्यासाठी अंगावर एक बारीक छिद्र असतं. ते बर्फाने बुजलं की आत जुनाच, कमी दाब अडकून राहतो. विमान खाली उतरत असतं, पण त्याला वाटतं आपण अजून वरच आहोत. छिद्र पूर्ण बुजलं तर सॉफ्टवेअरला लगेच कळतं. पण एका निवृत्त हेलिकॉप्टर पायलटने व्याख्यानात सांगितलेलं तिने टिपून ठेवलं होतं, "बर्फ झाकणासारखा नाही बसत, बाई. दुधावरच्या सायीसारखा बसतो. छिद्र थोडं थोडं श्वास घेत राहतं."

केंद्राच्या चाचण्या एरवी एक प्रोग्रॅमच तयार करायचा. त्याच्या एकेचाळीस हजार चाचण्या घार पास झाली होती. ही सायीची चाचणी उज्ज्वलाने स्वतः हाताने लिहिली, आणि घार जमिनीवर आदळली. खरी उंची शून्य असताना तिन्ही संगणक ठामपणे सांगत होते, अजून दोनशे बारा पूर्णांक चार मीटर बाकी आहेत.

बरोबर उत्तर एकच असतं, चुका मात्र हजार तऱ्हांच्या असतात. तीन मुलांची बरोबर उत्तरं जुळली तर मास्तर खूश होतात. चुकीची उत्तरं जुळली तर बाकं तपासतात. कुणीतरी कुणाचंतरी बघून लिहिलं होतं.

---

केंद्राचे संचालक डॉ. अष्टपुत्रे यांनी तिचं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं आणि दुपारी सुरक्षा अधिकाऱ्याला बोलावलं. पद्माकर निंबाळकर सैन्यातून मेजर म्हणून निवृत्त झालेले. आवाज मृदू, बोलताना समोरच्याच्या हातांकडे बघायची सवय.

"मॅडम, तिन्ही कंपन्यांचे प्रोग्रॅम एकत्र कुठे येतात?"

"इथे. आमच्याकडे."

"आमच्याकडे म्हणजे?"

"माझ्याकडे," उज्ज्वला म्हणाली.

"या तिन्ही कंपन्यांत तुमच्या ओळखीचं कोण?"

हे त्यांना माहीत होतं. तिने तीन वर्षांपूर्वीच लेखी कळवलं होतं. तीनपैकी एक कंपनी हैदराबादची, एक बेळगावची आणि तिसरी मिरजेची 'नक्षी सिस्टिम्स'. नक्षीची मालकीण नफिसा मुजावर. सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात दोघी चार वर्षं एका खोलीत राहिल्या होत्या. उज्ज्वलाच्या बाळंतपणात सासर-माहेरचं कुणी पोचायच्या आत नफिसा एसटीने पोचली होती.

"त्या तुमच्या घरी येतात?"

"मागच्या वर्षी जानेवारीत आली होती. तीन दिवस."

"या तिन्ही प्रोग्रॅमच्या टिपणांची तुमची वही असते ना, मॅडम? हाताने लिहिलेली. त्या दिवसांत कुठे होती?"

उज्ज्वलाला पक्कं आठवत होतं. ते तीन दिवस तिने रजा काढली होती आणि वही केंद्राच्या लॉकरमध्ये होती. तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं. निंबाळकरांनी हात किंचित वर केला.

"सावकाश आठवा. वही घरी राहिली असेल आणि कुणी चाळली असेल, तर तो निष्काळजीपणा. त्याला लेखी समज मिळते. वही केंद्राबाहेर गेलीच नसेल, तर मग उरता फक्त तुम्ही. आणि त्याला विक्री म्हणतात."

पंखा फिरत होता. अष्टपुत्रे खिडकीबाहेर बघत होते.

"वही कधीकधी घरी असायची," उज्ज्वला म्हणाली. "त्या वेळीही असेल. नफिसा माझ्याच खोलीत काम करत बसायची."

निंबाळकरांनी लिहून घेतलं. "मुजावर. त्यांचे नातेवाईक वगैरे परदेशात?"

"भाऊ शारजाला आहे. एसी दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं." हा प्रश्न बाकीच्या दोन कंपन्यांच्या मालकांबद्दल आला नव्हता, हे तिच्या लक्षात आलं. तिने जबाबाखाली सही केली.

---

चौथ्या दिवशी मिरजेत नक्षीच्या ऑफिसला सील लागलं. बत्तीस माणसांचे संगणक गाडीत भरून नेले. अकराच्या सुमाराला उज्ज्वलाचा फोन वाजला. नफिसा. तो वाजून वाजून बंद होईपर्यंत उज्ज्वला त्याच्याकडे बघत राहिली. मग मेसेज आला: 'उजे, काय चाललंय? कुणी काही सांगत नाही. तुला माहीत असेल तर एवढंच सांग की मी काय केलंय.'

तपास चालू असताना बोलायची बंदी होती. तिने फोन पर्समध्ये टाकला.

पण मनाला कशाची बंदी? नफिसा जानेवारीत नेमकी का आली? म्हणाली होती, ओझरला कुणाला तरी भेटायचंय. भेटली का? दुसऱ्या दिवशी दुपारी आपण भाजी आणायला गेलो, तेव्हा ती घरी एकटीच होती. परतलो तेव्हा तिने लॅपटॉप पटकन मिटला, की आपल्याला बघून नेहमीसारखा मिटला? हसली होती ती. का हसली? वही लॉकरमध्ये होती हे माहीत असूनही उज्ज्वला हे सगळं रचत गेली. दोन दिवसांत तिला जवळजवळ पटलंच, की आपण खोटं सांगितलं ते चुकून खरं निघालं असणार.

पक्कं करून घ्यायला तिने तिन्ही प्रोग्रॅम शेजारी शेजारी ठेवून चोरीच्या खुणा शोधायला घेतल्या. बघून लिहिणारा शब्दही उचलतो, क्रमही उचलतो. इथे एकही ओळ दुसरीसारखी नव्हती. हैदराबादवाल्यांची मांडणी पसरट, बेळगावची आखूड, नफिसाची नेटकी. सारखी होती ती फक्त चूक.

मग तिने तारखा पाहिल्या. नक्षीने उंचीचा हा भाग केंद्राकडे जमा केला होता नोव्हेंबरमध्ये. नफिसा घरी आली त्याच्या दोन महिने आधी.

उज्ज्वला खुर्चीत मागे रेलली. जानेवारीत नफिसाने वही चाळली असती तरी नोव्हेंबरच्या कामात ते कसं येणार? ही तारीख निंबाळकरांना दाखवायला पाच मिनिटं पुरली असती. पण मग बोट पुन्हा तिच्याकडेच वळलं असतं. तिने फाइल बंद केली आणि घरी गेली. आणि त्यानंतर नऊ दिवस ती गप्प राहिली.

---

त्या नऊ दिवसांत तिने एकच प्रश्न धरून ठेवला. कुणी कुणाचं बघून लिहिलं नसेल, तर तिघांना एकच चूक सुचली कशी?

करारासोबत प्रत्येक कंपनीने एक फॉर्म भरून दिला होता. काम करताना कुठली साधनं वापरली, त्याची यादी. अलीकडे सॉफ्टवेअरचा बराचसा भाग माणसं लिहीत नसत. काय हवं ते सांगायचं आणि कोड लिहिणारं मॉडेल ते लिहून द्यायचं. मग माणसं वाचून दुरुस्त करायची. विमानांच्या आणि संरक्षणाच्या कामासाठी अशी खास मॉडेलं विकणारा मोठा बाजार उभा राहिला होता. तिघांनी मुद्दाम वेगवेगळी मॉडेलं घेतली होती. तीन नावं, तीन विक्रेते. नफिसाने तर विक्रेत्याकडून लेखी हमी घेऊन जोडली होती, की याचा इतर कुणाशी संबंध नाही.

तिन्ही मॉडेलं महिनाभर वापरून बघायला मिळत. रविवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर उज्ज्वलाने ती स्वतःच्या नावावर, घरच्या संगणकावर घेतली. आणि तिने एक ग्रह बनवला.

असा ग्रह कुठेच नाही. तिथली हवा वर जाताना विरळ होते, मग मध्येच दाट होते, पुन्हा विरळ होते. तिथलं पाणी उन्हात गोठतं. तिने कागदावर त्याचे नियम लिहिले, उत्तरं हाताने काढली आणि वीस गणितं तयार केली. कुठल्याही पुस्तकात, कुणाच्याही वहीत ती असणं शक्य नव्हतं. ती त्या दुपारी पहिल्यांदा जगात आली होती.

वीसपैकी सहा गणितं तिन्ही मॉडेलांनी बरोबर सोडवली. चौदा चुकली. आणि चौदाच्या चौदा ठिकाणी तिघांचं चुकीचं उत्तर एकच होतं.

जे कुणी कधी लिहिलंच नव्हतं, ते कुणी कुणाचं चोरणार? तिघं वेगवेगळी नव्हतीच. नावं तीन, पाट्या तीन, आत एकच. विक्रेत्यांनी मूळ मॉडेल एकाच ठिकाणाहून घेऊन, वरचं वेष्टन बदलून विकलं होतं. एकाच गिरणीचं पीठ तीन दुकानांतून.

सोमवारी सकाळी केंद्रात गेल्यावर तिने आणखी एक गोष्ट केली. केंद्राच्या चाचण्या बनवणारा जो प्रोग्रॅम होता, एकेचाळीस हजार चाचण्यांवर ज्याने बरोबरची खूण केली होती, त्याला तिने तीच वीस गणितं घातली. सहा बरोबर. चौदा चूक. तीच चौदा, तीच उत्तरं.

परीक्षा देणारे आणि पेपर काढणारा, सगळे एकाच शिकवणीचे होते. तिने सतरा वर्षं केलेल्या सह्यांपैकी हा प्रोग्रॅम आल्यानंतरच्या चार वर्षांतल्या सह्या तिच्या डोळ्यांपुढून गेल्या. रडारच्या, बॉम्बनाशक गाडीच्या, सीमेवरच्या ड्रोनच्या. तिने दोन्ही उत्तरांचे कागद एकत्र टाचले.

---

अष्टपुत्रेंनी तिचे कागद दोनदा वाचले. ते हुशार होते, त्यांना समजवावं लागलं नाही.

"हे अजून कुणी पाहिलंय?"

"इथे कुणीच नाही, सर."

"वाकचौरे, जरा बसा." त्यांनी दार लावलं. "मुजावरांची कंपनी आपण यादीतून काढतोय. त्यांच्या जागी चौथी कंपनी आलीसुद्धा, पुण्याची. दोन महिन्यांत सगळं सुरळीत होईल. तुम्ही म्हणता ते लेखी दिलंत, तर काय होईल ठाऊक आहे? फक्त घार नाही थांबणार. देशात अशी किती कामं चालू आहेत! ज्यांनी ज्यांनी तीन-तीन कंपन्यांना ठेके दिले, ते सगळे उद्या विचारतील, आमचे तीन खरंच तीन आहेत का?"

"विचारायलाच हवं."

"आणि शत्रूला आयतं कळेल की आपलं सगळं एकाच ठिकाणी चुकतं."

मुद्दा खोटा नव्हता. ती म्हणाली, "सर, ज्याने मॉडेल विकलं त्याला ते आजच ठाऊक आहे. त्याने आणखी कुणाकुणाला विकलंय ते आपल्याला ठाऊक नाही. आणि पुण्याची कंपनी कुठलं मॉडेल वापरते?"

अष्टपुत्रेंनी हातातला कागद उलटा ठेवला. त्यांनीही ते बघितलं असावं, असं तिला वाटून गेलं.

"म्हणजे तीही तिथेच चुकणार," उज्ज्वला म्हणाली. "फक्त तेव्हा आत स्ट्रेचरवर माणूस असेल."

"त्यावर काहीतरी करू. ती एक चाचणी वाढवू, ती एक चूक दुरुस्त करून घेऊ. पण मुजावरांची चौकशी चालू राहू दे. तिच्यामुळे या चुकीचं कारण मिळालंय आपल्याला. सगळ्यांच्या सोयीचं आहे ते. तुमच्याही."

तिने पर्समधून दुसरा कागद काढला. सकाळीच लिहिला होता. नफिसा घरी असताना वही केंद्राच्या लॉकरमध्ये होती, लॉकरच्या नोंदीत ते दिसेल, मी जबाबात खोटं सांगितलं, आणि तारीख लक्षात आल्यावरही नऊ दिवस गप्प राहिले. खाली सही.

अष्टपुत्रेंनी तो वाचला आणि पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "हे दिलंत तर तुमचा केंद्रात यायचा पास आजच्या आज जाईल. खोटा जबाब! मग तुमच्या त्या चौदा गणितांवर तरी कोण विश्वास ठेवेल?"

"माझ्यावर ठेवू नका. गणितं त्या कागदावर आहेत, कुणीही सोडवून बघावीत."

दोन्ही कागद तिने या प्रकरणासाठी दिल्लीत नेमलेल्या तपास समितीला आधीच पाठवले होते. हे तिने त्यांना दाराशी पोचल्यावर सांगितलं.

---

पास दुपारी तीन वाजता गेला. निंबाळकर स्वतः फाटकापर्यंत सोडायला आले. "तुम्ही पहिल्याच दिवशी खरं बोलला असतात तर मी तुम्हाला धरलं असतं," ते म्हणाले. "नाही असं नाही म्हणणार." ती रिक्षात बसली.

दिल्लीत तिची गणितं तीन जणांनी वेगवेगळी सोडवून पाहिली, कागद-पेन्सिलने. मार्चचं उड्डाण रद्द झालं. तीन विक्रेत्यांनी उत्तर दिलं, की मूळ मॉडेल कुठून घेतलं हे व्यवसायाचं गुपित आहे. तपास वर्षभर चालला आणि घारीसारखी आणखी अकरा कामं थांबवावी लागली. त्यातली दोन वापरात होती. त्यांचं काय झालं हे कधीच जाहीर झालं नाही. पेपरात आठवडाभर बातम्या आल्या, मग त्या विक्रेत्यांपैकी एकाने नाव बदलून नवीन मॉडेल बाजारात आणलं. जाहिरातीत लिहिलं होतं, 'संपूर्ण स्वतंत्र'.

नफिसाला सात आठवड्यांनी दोन ओळींचं पत्र मिळालं. आपल्याविरुद्ध काही आढळलं नाही. तोवर बत्तीसपैकी पाच माणसं उरली होती. गल्लीतल्या एका दुकानदाराने तिच्याशी बोलणं सोडलं होतं, ते त्याने पुन्हा सुरू केलं नाही. तिच्या भावाला शारजाहून घरी येताना विमानतळावर नऊ तास बसवून ठेवलं होतं.

उज्ज्वला मिरजेला गेली ती त्यानंतर. फोन न करता गेली. फोन केला असता तर ये म्हणाली नसती. ऑफिस आता सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीत एका माडीवर दोन खोल्यांत होतं. नफिसाने दार उघडलं, तिच्याकडे पाहिलं आणि बाजूला झाली. चहा सांगितला. चहा आला आणि निवला.

"मी जबाबात तुझं नाव घेतलं," उज्ज्वला म्हणाली.

"वाचलंय मी. दोन्ही जबाब दिले त्यांनी मला." नफिसाने कप सरकवला. "दुसरा वाचून मला बरं वाटेल असं त्यांना वाटलं असणार."

"मला माझी भीती वाटली, नफी."

"ते मी समजू शकते. मलाही वाटली असती." तिने कपाची कड अंगठ्याने पुसली. "पण ते नऊ दिवस. तारीख कळल्यावर नऊ दिवस तू जेवत होतीस, झोपत होतीस. त्या नऊ दिवसांत अम्मीला कुणी कुणी येऊन काय काय विचारत होतं, ठाऊक आहे तुला?"

उज्ज्वला माफी मागायची म्हणून आली होती, ती तिने मागितली. नफिसाने ऐकून घेतली आणि होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

भिंतीपाशी एक यंत्र उघडं पडलं होतं. नळ्या, पंप, छोटा पडदा. उज्ज्वलाची नजर तिकडे गेली.

"व्हेंटिलेटर," नफिसा म्हणाली. "संरक्षणाची कामं आता कोण देणार मला? पण या गावात हॉस्पिटलं काय कमी आहेत! यातला प्रोग्रॅम ज्या मॉडेलने लिहिलाय, त्याला मी तुझ्या ग्रहाची गणितं घातली. बातम्यांत छापून आली होती ना, ती."

"किती चुकली?"

"चौदा."

उज्ज्वलाने हातातला कप खाली ठेवला.

"आम्ही पाच जण आता हाताने लिहितोय सगळं. पहिल्यापासून, मॉडेलाशिवाय. वेळ लागतो. डॉक्टर लोक वैतागतात." नफिसाने खिडकीकडे पाहत सांगितलं. "तपासणारं माणूस नाही आमच्याकडे. पंधरा दिवस शोधतेय. सगळे विचारतात, मॉडेल आहे ना तपासायला? हाताने तपासणारं माणूस मला एकच माहीत आहे."

"नफी…"

"ऐकून घे आधी. तू तपासायचंस. तू तपासलेलं प्रत्येक पान मी कराडच्या एका माणसाकडे पाठवणार, परत तपासायला. तो कोण ते तुला कळणार नाही. तू कोण ते त्याला कळणार नाही."

"दर वेळी?"

"दर वेळी. दहा वर्षं गेली तरी."

खाली कुणीतरी तार ताणून बघत होतं. सूर लागत नव्हता, पुन्हा ताणत होतं.

"बरोबर आहे," उज्ज्वला म्हणाली. "सुरुवात कुठून करू?"

नफिसाने कपाटातून एक जाड फाइल काढून टेबलावर ठेवली आणि स्वतःच्या कामाला शेजारच्या खोलीत निघून गेली. जाताना तिने मधलं दार लावून घेतलं.